टॉवरची मोजणी कोण आणणार?

आमच्या नगर जिल्ह्यात (बरं, अहिल्यानगर, पण एसटीचा कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो) माणूस एका गोष्टीत कधी मागं हटत नाही. मोजणीत. शेजाऱ्याचा बांध हातभर सरकल्याचा नुसता संशय आला की गडी भूमी अभिलेखच्या कार्यालयात हजर. साधी मोजणी नको, द्रुतगती हवी. फी भरतो, नोटिसा काढायला लावतो, भूकरमापक आला की त्याच्यामागं उन्हात दिवसभर चालतो. खुणा मनासारख्या निघाल्या नाहीत की पुन्हा मोजणी. दोन फुटांसाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, पण ‘असू दे अंदाजे’ असं कुणी म्हणत नाही.

हाच माणूस मोबाईलच्या टॉवरबद्दल बोलायला लागला की मोजणी विसरतो. ‘लई रेडिएशन आहे’ एवढ्यावर त्याचं भागतं. लई म्हणजे किती? लई म्हणजे लई.

गेल्या रविवारी आमच्या सावेडीतल्या सोसायटीची गच्चीवर बैठक झाली. विषय एकच, समोरच्या इमारतीवरचा टॉवर. फ्लॅट २४, चेअरमन एक. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात ‘चेअरमन’ या शब्दाचं वजनच वेगळं. आमचेही प्लॅस्टिकच्या खुर्चीत असे बसले होते की आता उसाचा पहिला हप्ता जाहीर करतात की काय. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे काका उभे राहिले. डाव्या तळहातावर तंबाखू, उजव्या अंगठ्यानं चुना मळणं चालू. ‘या टॉवरनं कॅन्सर होतो,’ काका म्हणाले, ‘लहान पोरं आहेत आपल्यात.’ मग टाळी वाजवून चुना उडवला, चिमूट ओठाआड सारली आणि उरलेलं भाषण हनुवटी वर करून केलं.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था फ्रान्समध्ये ल्योंला आहे. तिनं मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात टाकलं. या गटाचा अर्थ एवढाच की शंका घ्यायला जागा आहे, पुरावा अपुरा आहे. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, आशियाई पद्धतीनं मुरवलेल्या भाज्याही आहेत. आणि पहिला गट, जिथं शंकेला जागाच उरलेली नाही, त्यात कोण? तंबाखू. विडीतली, सिगारेटमधली आणि तळहातावर मळलेलीसुद्धा. सोबतीला सुपारी. पुढं २०२४ साली आरोग्य संघटनेनंच करून घेतलेला आढावा आला. मोबाईल वापरण्याचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध त्यात दिसला नाही. मी यातलं काही काकांना बोललो नाही. काका वयानं मोठे आहेत, शिवाय माझी पार्किंगची जागा त्यांच्या शेजारी आहे.

मग निघालं यंत्र. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलानं ऑनलाइन मागवलेलं. टीव्हीच्या रिमोटएवढं, वर तीन दिवे, खाली आकडे. मुलानं ते टॉवरकडं धरलं. आकडा ३ आणि ४ च्या मध्ये घुटमळत होता. एकक मिलिवॅट प्रति चौरस मीटर. दिवा हिरवा. गच्चीवर जी निराशा पसरली ती मी जिल्हा परिषदेच्या निकालाच्या दिवशीही पाहिलेली नाही. तेवढ्यात मुलाला चिकटून उभ्या असलेल्या चेअरमनच्या खिशातला फोन वाजला. आकडा थेट ८० च्या वर, दिवा लाल, आणि यंत्र टिटवीसारखं ओरडायला लागलं.

‘बघा!’ काका गरजले, ‘बघा टॉवर!’

चेअरमननी फोन कानाला लावला आणि यंत्रापासून लांब गेले. यंत्र गप्प झालं. ‘आता कंपनीवाल्यांनी कमी केलं असणार,’ कुणीतरी म्हणालं. ‘त्यांना कळतं आपण मोजतोय ते.’

असल्या स्वस्त यंत्रावर मीही विसंबून राहणार नाही. वायफायचं राउटर, मायक्रोवेव्ह, शेजाऱ्याचा फोन, सगळं ते एकाच पिशवीत भरतं. खरी मोजणी वेगळी असते. तिन्ही दिशांनी येणारी लहर एकदम पकडणारं टोक लागतं, कोणत्या कंपपट्ट्यातून किती आलं ते वेगळं काढावं लागतं, आणि एका क्षणाचा चढलेला आकडा नव्हे, तर सहा मिनिटांची सरासरी धरायची असते. एका गच्चीवर तीन कंपन्या असतील तर तिघींची बेरीज करावी लागते. बांधाच्या मोजणीत जसं साखळी कुठून लावली यावर सगळं असतं, तसंच इथं यंत्र कुठं उभं केलं यावर. खिडकीच्या लोखंडी जाळीला चिकटून आकडा वेगळा, खोलीच्या मध्यावर वेगळा.

मर्यादेचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय आयोगाची मर्यादा होती, ती भारत सरकारनं १ सप्टेंबर २०१२ पासून एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ४.५ वॅट प्रति चौरस मीटर होतं, ते ०.४५ केलं. १८०० च्या पट्ट्यात ९ होतं, ते ०.९. आता ०.४५ वॅट म्हणजे ४५० मिलिवॅट, आणि प्रति चौरस सेंटिमीटर धरलं तर ४५ मायक्रोवॅट. तिन्ही एकच. पण व्हॉट्सॲपवर कुणी ४५० वाचतो, कुणी ४५, आणि दोघंही ‘बापरे’ म्हणतात. ४० गुंठ्यांचा एकर होतो हे झोपेत सांगणारी, सातबाऱ्यावरचे आर मनातल्या मनात गुंठ्यांत मोडणारी ही माणसं. इथंच त्यांचं गणित का अडतं कळत नाही.

लहर जाते कशी, हे खरं तर कांदावाल्याला सांगावं लागू नये. रानात तुषार लावलेले असतात. नोझलच्या बुडाशी उभं राहिलात तर पाय फारसे भिजत नाहीत, पाणी पुढं जाऊन पडतं. अँटिनाचंही तसंच. तिचा झोत आडवा जातो, किंचित खाली कललेला. कागदावरचा हिशेब सांगतो. अँटिनात २० वॅट सोडले आणि तिनं ते झोतात एकवटले, की झोताच्या दिशेनं ते हजार वॅटच्या बरोबरीचे होतात. बरोबर समोर, २० मीटरवर, ते भरतात सुमारे २०० मिलिवॅट प्रति चौरस मीटर. तेच १०० मीटरवर गेलात की ८. अंतर पाचपट झालं की मारा पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. भिंत आडवी आली तर आणखी कमी. म्हणजे काळजी करायचीच तर ती चौकातल्या पानवाल्यानं करू नये आणि शेजारच्या गल्लीनंही करू नये. टॉवरच्या उंचीवर, समोरासमोर, वीस-पंचवीस मीटरवर ज्याची खिडकी आहे आणि समोर तीन कंपन्यांच्या अँटिना आहेत, त्यानं मोजणी आणावीच. तिथं बेरीज मर्यादेला भिडू शकते.

आणि टॉवरच्या बरोबर खाली कोण राहतं? मालक. भाडं घेणारा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. झोत समोरच्याच्या खिडकीत, धनादेश मालकाच्या खात्यात.

इथं आमच्या बैठकीचं गुपित सांगून टाकतो. सोसायटीचं जुनं प्रोसिडिंग बुक चाळताना मला एक ठराव सापडला. दोन वर्षांपूर्वीचा, सर्वानुमते मंजूर. ‘आपल्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर बसवून देखभाल खर्चाची सोय करावी, यासाठी कंपनीस पत्र द्यावे.’ सूचक चेअरमन. अनुमोदक, काका. कंपनीनं आमची गच्ची पाहिली, समोरची पाहिली, आणि समोरची घेतली. त्या दिवसापासून रेडिएशन वाढलं.

टॉवरच्या भाड्याचा मोह असा की त्यावर ठकांचंही पोट भरतं. ‘तुमच्या छतावर टॉवर, लाखो रुपये आगाऊ, फक्त नोंदणीची रक्कम भरा’ असे संदेश फिरतात आणि दूरसंचार नियामक प्राधिकरण घसा कोरडा करून सांगतं की असली रक्कम कुठलंही सरकारी खातं घेत नाही. लोक भरतातच. ज्या टॉवरनं मरण येतं म्हणतात, तोच आपल्या डोक्यावर यावा म्हणून.

रेडिओच्या मनोऱ्याची मात्र कुणाला भीती नाही. आपलं आकाशवाणी केंद्र एफएमवर ऐकत लोकांनी चहा घेतला, पोरांना शाळेला धाडलं. एफएमचे प्रक्षेपक किलोवॅटमध्ये बोलतात, मोबाईलची अँटिना काही दशक वॅटमध्ये. शिवाय एफएमची लहर साधारण तीन मीटर लांबीची, माणूस तिच्या निम्म्याएवढा उंच, त्यामुळं ती शरीरात जास्त शोषली जाते. म्हणून तर आंतरराष्ट्रीय मर्यादा त्या पट्ट्यातच सगळ्यात कडक आहे. पण एफएमचा मनोरा उंच आणि लोकांपासून लांब उभा असतो, आणि मुख्य म्हणजे त्याचं भाडं शेजाऱ्याला मिळत नाही. मग मोर्चा कुणावर काढायचा?

मोजणीची सोय नाही असंही नाही. दूरसंचार विभागानं २ मे २०१७ ला ‘तरंग संचार’ नावाचं पोर्टल सुरू केलं. आपल्या भागातले टॉवर नकाशावर बघा, मोजणी हवी असेल तर ऑनलाइन अर्ज करा, फी ४,००० रुपये, माणसं यंत्र घेऊन येतील असा त्याचा बेत. इथं एक टोमणा सरकारलाही. एरवी व्यवस्था अशी की कंपनीनं स्वतःच लिहून द्यायचं, माझा टॉवर मर्यादेत आहे. विभाग त्यातल्या दहाएक टक्क्यांची फेरतपासणी करतो. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा आणि दहातल्या एकाचा मास्तरनं बघायचा, अशी परीक्षा आमच्या वेळी असती तर मी आज सदर लिहीत बसलो नसतो. म्हणूनच मागून घेतलेल्या मोजणीला किंमत आहे.

मी बैठकीत सुचवलं. ४,००० भागिले २४, घरटी १६७ रुपये. शांतता पसरली. गणपतीला घरटी पाचशे देणारी, डीजेसाठी वर आणखी देणारी घरं एकमेकांकडं बघायला लागली. ‘आणि मोजून काही निघालंच नाही तर?’ एका काकूंनी विचारलं. खरा प्रश्न तोच होता. बांधाच्या मोजणीत जमीन मिळायची आशा असते. इथं आकडा कमी निघाला तर हातातलं भांडणही जायचं.

जुही चावलांना मी दोष देतो तो याच बाबतीत. मलबार हिलवरच्या घरासमोरच्या अँटिनांवरून त्या आधीपासून बोलत होत्या, त्यात गैर काही नव्हतं. पुढं फाइव्ह-जीविरुद्ध त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ऑनलाइन सुनावणीत कुणीतरी घुसून त्यांच्याच सिनेमातली गाणी म्हटली, ४ जून २०२१ ला याचिका फेटाळली गेली आणि वर २० लाखांचा भुर्दंड. पुढच्या वर्षी तो २ लाखांवर आला म्हणा. तरी २० लाखांत ४,००० च्या पाचशे मोजण्या बसतात.

त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चकती दाखवली होती. मोबाईलला लावा, रेडिएशन कमी होतं. शास्त्रज्ञांनी विचारलं, कुठं मोजलं, कुणी मोजलं? शेणाला आमचा विरोध नाही, आमच्या सारवलेल्या ओसऱ्या त्यावरच उभ्या आहेत. पण चकतीनं लहर खरोखर अडवली, तर फोनला टॉवर सापडणार नाही आणि तो आणखी जोर लावून ओरडेल.

हे ओरडणं समजून घ्यायचं तर अकोले तालुक्यात जा. कळसूबाईच्या, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या वाड्यांत रेंजची जागा ठरलेली असते. अमक्याचा खडक, तमक्याचा आंबा. तिथं माणसं टॉवर हटवा म्हणून अर्ज करत नाहीत, टॉवर द्या म्हणून करतात. फोनचा स्वभाव असा की टॉवर जवळ असला तर तो कुजबुजतो, लांब असला तर बोंब मारतो. आणि ती बोंब कानाला चिकटून असते. समोरचा टॉवर उद्या उठवलात तर काकांच्या कानापाशी येणारी लहर वाढेल, कमी होणार नाही. टॉवर वीस मीटरवर आहे, फोन शून्यावर. फोनची मर्यादाही ठरलेली आहे, १.६ वॅट प्रति किलो. बऱ्याच फोनवर तारा, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की आकडा पडद्यावर येतो. त्याला तर १६७ रुपयेही लागत नाहीत.

आता ज्यांनी खरोखर मोजलं त्यांच्याकडं. नगरहून कल्याण रस्त्यानं आळेफाटा गाठा, तिथून नारायणगावकडं वळा. जुन्नर तालुक्यातलं खोडद. आपल्या पारनेरच्या शिवेपासून फार लांब नाही. तिथं प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ही जागा निवडली ती मोठ्या शहरांच्या गोंगाटापासून दूर आणि डोंगरांच्या आडोशाला म्हणून. आपला टॉवर जी लहर सोडतो तीच जातकुळी त्या तबकड्या ऐकतात, फक्त तिथली आकाशातून आलेली असते आणि कल्पना करता येणार नाही इतकी क्षीण. चंद्रावर एक मोबाईल चालू करून ठेवला तर खोडदच्या आकाशातल्या ठळक स्रोतांमध्ये तो मोडेल. म्हणून तिथली माणसं विजेच्या तारेवरच्या ठिणगीचाही हिशेब ठेवतात. कारखाना येणार असेल, टॉवर येणार असेल, आधी खोडदला विचारा. लहर कुठून आली, किती, कोणत्या पट्ट्यात, त्यांच्याकडं कागद असतो.

त्या कागदाची ताकद संगमनेरला विचारा. पुणे–नाशिक जलद रेल्वे, २३५ किलोमीटर. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा मूळ मार्ग. संगमनेरकरांनी स्टेशनासमोरचे गाळे मनातल्या मनात विकूनही टाकले होते. खोडदनं सांगितलं, दुर्बिणीशेजारून विजेवरची गाडी गेली तर आम्हाला आकाश ऐकू येणार नाही. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी त्याचंच कारण दिलं आणि जुना मार्ग सोडून गाडी नगर–शिर्डीच्या अंगानं न्यायचं ठरलं. संगमनेर-अकोल्यात संताप उसळला, आणि तो मला कळतो. तोंडाशी आलेला घास कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या एखाद्या आकाशगंगेनं पळवावा, हे सहन होणारं नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. आमदार, खासदार, मोर्चे, निवेदनं, रास्ता रोको या सगळ्यांच्या जिल्ह्यात रेल्वेचा रूळ हलवून दाखवला तो मोजणीनं. ओरडून नव्हे.

संगमनेरकरांनी उत्तर द्यायचं तर तेही मोजणीनंच द्यावं. किती अंतरावरून गाडी नेली, मध्ये बोगदा किंवा बांध घातला तर गोंगाट किती उरतो, याचा आकडा मागावा. आकड्याला आकडाच भेटतो.

आमच्या बैठकीत शेवटी दोन ठराव झाले. एक, टॉवर हटवण्याबाबत निवेदन द्यायचं, त्यासाठी बॅनर करायचा. दोन, मोजणीसाठी स्वेच्छा वर्गणी. बॅनर छापून आला आहे, त्यावर चेअरमनचा फोटो टॉवरपेक्षा मोठा आहे. वर्गणी चौदा घरांनी दिली, २,३३८ रुपये जमले. १,६६२ कमी आहेत. तुमची खिडकी टॉवरच्या समोर असेल तर आमच्यासारखं थांबू नका, अर्ज करा. आम्ही दहा घरांची वाट बघतोय. काकांचं घर त्यातलंच एक आहे.